लंडनवालीच्या शेजारच्या खुंटीवर

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. काही हरकत नाही. माझ्यावर कोणाचाच विश्वास नव्हता, तेव्हाच मी आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम केलं आहे.

मी एक जुनी, स्वस्तातली रायफल आहे. बर दुबईत, खाडीवर अब्रा होड्या लागतात तिथून दोन गल्ल्या आत आलात, की खैरुद्दीन परकारांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान लागतं. आत भिंतीवर दोन खुंट्या आहेत. एका खुंटीवर मी बारा महिने असते. दुसऱ्या खुंटीवर दर शुक्रवारी एक विलायती रायफल साफसफाईला येते. तिच्या किमतीत माझ्यासारख्या सात आल्या असत्या, आणि सातजणींना मिळूनही तिच्यासारखी पॉलिश आली नसती. मी तिला लंडनवाली म्हणते. आज शुक्रवार आहे, म्हणून ती आत्ताही शेजारीच आहे. तुम्ही तिच्याकडे लक्ष देऊ नका. इथे लटकून लटकून तिला आपली भाषा कळायला लागली आहे, पण ती सहसा बोलत नाही. मोठ्या घरच्या बायका नुसतं ऐकून ठेवतात.

माझा जन्म सरहद्दीकडच्या डोंगरातल्या एका बाजारात झाला. तिथे एका म्हाताऱ्या कारागिराने समोर एक खरी विलायती रायफल ठेवली आणि नुसत्या कानशीने घासून घासून तिच्यासारखी मला घडवली. माझी नळी म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा आहे. म्हणूनच लहानपणी मी रोज सकाळी आठ दहाला आपोआप थरथरायची. ती मेलची वेळ होती. म्हाताऱ्याने माझ्या अंगावर विलायती छापही कोरला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे एक अक्षर उलटं झालं. लंडनवालीने पहिल्या भेटीत नेमकं तेवढंच पाहिलं.

कराचीहून मी गलबतात बसून आले, कांद्याच्या पोत्यांमधून. वाटेत वादळात डोलकाठी मोडली, तर नाखव्याने मलाच उभी करून शीड बांधलं. आम्ही ठरल्या दिवसाच्या एक दिवस आधी दुबईला लागलो. आधी, हे लक्षात घ्या.

इथे माझं पहिलं काम लग्नात नाचायचं. इकडच्या लग्नांत पुरुषमंडळी रांगेत उभी राहून रायफल गरगर फिरवतात, आभाळात फेकतात आणि झेलतात. मी हलकी, म्हणून मला मागणी फार. एकदा एका दांडग्या नवरदेवाने मला इतकं उंच फेकलं, की मी खाली येईपर्यंत पाहुण्यांची जेवणं उरकली होती. मला झेलायला कोणीच नव्हतं. मी दस्त्यावर पडले आणि दस्त्याला तडा गेला. मालकाने मला खैरुद्दीनच्या दुकानात आणून टाकलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही.

हा खैरुद्दीन म्हणजे रत्नागिरीकडचा, दाभोळच्या खाडीवरचा. बाप गलबतं बांधायचा, त्यामुळे लाकूड आणि लोखंड दोन्ही त्याच्या हातातलं. त्याने माझा दस्ता सांधला, बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा तो दांडा, घासून मऊ केला आणि मला कानाशी धरून चाप ओढून पाहिला. हकीम छाती तपासतात तसा. मग म्हणाला, "वाईट नाहीस गं. फक्त तुला सांभाळणारा पाहिजे." मित्रांनो, सात देशांची पॉलिश लावली तरी असा शब्द अंगाला लागत नाही.

त्यानंतर खैरुद्दीनने माझ्या जातीच्या आणखी रायफली आणवल्या, एकेक उघडून नीट केल्या आणि खजुराच्या बागांवरच्या पहारेकऱ्यांना विकायला सुरुवात केली. अट एकच, महिन्यातून एकदा दुकानात आणून दाखवायची. गरीब माणसं खूश झाली. एक माणूस मात्र झाला नाही. तो म्हणजे अन्वर, मूळ श्रीवर्धनचा, खाडीपलीकडे देऱ्यात विलायती रायफली विकणारा.

खैरुद्दीनचं दुकान होतं सालेमबाबांच्या शब्दावर. सालेमबाबा इथलेच, वयस्कर. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी खासी. परक्या माणसाने इथे दुकान मांडायचं तर कोणा इथल्याने त्याची जबाबदारी घ्यावी लागते. खैरुद्दीनची त्यांनी घेतली होती. लंडनवाली त्यांचीच. एका संध्याकाळी अन्वर त्यांच्या बैठकीत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, ये आदमी पहारेवालों को खिलौना बेचता है. किसी दिन चोर सामने आएगा और बंदूक बोलेगीच नहीं. फिर उसके घर कौन जाएगा बताने?"

बैठकीत खैरुद्दीनही होता. तो मराठीत म्हणाला, "अन्वरभाई, तुमची बंदूक घ्यायची तर पहारेकऱ्याला दोन वर्षं उपाशी राहावं लागेल. तोवर त्याने काय काठी घेऊन उभं राहायचं?"

"काठी निदान फसवत नाही," अन्वर म्हणाला.

खोटं कशाला बोलू, अन्वर वाईट माणूस नव्हता. बोलला त्यात तथ्य होतं. सालेमबाबांनी कहव्याचा पेला खाली ठेवला. "ईद के दूसरे दिन," ते म्हणाले. "पाँच गोली इसकी, पाँच मेरी. इसकी बंदूक मेरी से पीछे नहीं रही, तो दुकान रहेगी. पीछे रही, तो दुकान बंद, और पहली बोट से घर. मेरा शब्द है."

खैरुद्दीन दुकानात आला आणि आतल्या खोलीत बायकोला, रशीदाला, हे सांगितलं. मी भिंतीवरून ऐकत होते. अकरा वर्षं दोघांनी चिठ्ठ्यांवर संसार केला होता. तिला इथे येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. ती म्हणाली, "परत जायचं झालं तर तुम्ही एकटे थोडेच जाणार? मी असेन की."

"तिथे जाऊन खायचं काय पण?"

"ते मी विचारलं नाही. तुम्ही पण विचारू नका. बंदूक घासा."

ही गोष्ट १९६७ च्या जानेवारीतली. ईदच्या दिवशी सालेमबाबांनी लंडनवाली साफसफाईला पाठवली, नेहमीसारखी. उद्या ज्याच्याशी सामना, त्याच्याच हातात आपली बंदूक. अन्वरने ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. खैरुद्दीन नेमका नमाज आणि गाठीभेटींना बाहेर. बंदुकीच्या तेलाचा डबा रिकामा, बाजार बंद. मग रशीदाने काय करावं? गावाहून घाण्याचं खोबरेल आणलं होतं, केसांनासुद्धा थेंब थेंब पुरवून लावायची, ती बाटली काढली. ज्यांच्या शब्दावर आपण इथे उभे आहोत त्यांची बंदूक, तिला हलकं काही लावायचं नाही, म्हणून तिने लंडनवालीचा बोल्ट काढून दोन पळ्या खोबरेलात चांगला माखला. आणि मला? मला कोरड्या फडक्याने पुसलं. घरच्या बंदुकीला कोण खोबरेल लावतं? मी त्या दिवशी फार रुसले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही गावाबाहेर वाळूत गेलो. थंडी अशी, की श्वास दिसत होता. शंभर पावलांवर दगडांचा बांध रचून त्यावर मोत्याचे शिंपले उभे केलेले, डावीकडचे सालेमबाबांचे, उजवीकडचे आमचे, म्हणजे माझे आणि खैरुद्दीनचे. पन्नासेक माणसं होती. निखाऱ्यांवर कहवा चढला होता. रशीदा जीपजवळ उभी होती.

पहिला शिंपला त्यांनी फोडला, आम्हीही फोडला. दुसरा त्यांनी, आम्हीही. अन्वर म्हणाला, "दोन तर दगड मारूनही फुटतात." तिसऱ्याला सालेमबाबांनी बोल्ट ओढला आणि तो अर्ध्यावर अडला. मागे येईना, पुढे जाईना. त्यांनी तळहाताने ठोकून पाहिला. मी मात्र माझ्या पाळीला खणखणीत वाजले. तिसरा शिंपला आमचा.

लोकांत कुजबुज झाली. बागेवरचे पहारेकरी हसायला लागले. इतकी महागडी बंदूक, आणि तीच मुकी. अन्वरचा चेहरा उतरला. मित्रांनो, खैरुद्दीनने तेव्हा फक्त गप्प उभं राहायचं होतं. दुकान राहिलं होतं, रशीदा राहिली होती, सगळं राहिलं होतं.

पण तो जवळ गेला, बोल्टशी वाकला आणि त्याच्या नाकात आपल्या गावाचा वास शिरला. तुम्हाला ठाऊकच असेल, थंडीत खोबरेल बाटलीत पांढरं गोठून बसतं. दाभोळात ते क्वचितच गोठत असेल, म्हणून रशीदाच्या ध्यानात आलं नाही. वर त्या खोबरेलाने रात्रभर वाऱ्याची वाळूही धरून ठेवली होती; दोन बारांत ती आत सरकून घट्ट बसली.

खैरुद्दीनने एकदा जीपकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "बाबा, बंदूक का कसूर नहीं है. मेरे घर से खोबरेल लगा है. ठंड में जम गया. ये गोली गिनना मत."

अन्वरने लगेच तोंड उघडलं. "देखा? जानबूझके लगाया. मैंने पहलेच बोला था, इसके पास मत भेजो."

"अन्वर," सालेमबाबा म्हणाले, "जो जानबूझके लगाता है, वो खुद आके बोलता है क्या? बैठ. कहवा पी."

खैरुद्दीनने तिथेच बोल्ट काढला, कहव्याच्या निखाऱ्यांवर शेकला, रुमालाने कोरडा केला आणि लंडनवाली परत बाबांच्या हातात दिली. तिने तिसरा शिंपला फोडला. मागे रशीदा दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. चौथा दोघींनी फोडला. चार आणि चार.

पाचवी गोळी इथल्या रिवाजाप्रमाणे एकदम झाडतात. मधला माणूस रुमाल खाली टाकतो आणि दोघांनी चाप ओढायचा. रुमाल पडला. मी अशी कडाडले, मित्रांनो, की पलीकडे इराणच्या किनाऱ्यावर कोंबडे आरवले. आमचे दोघींचे बार इतके एकदम झाले, की लोकांना एकच आवाज ऐकू आला. धूर विरला तेव्हा उजवीकडच्या आमच्या शिंपल्याचा चुरा झाला होता. आणि डावीकडचा, लंडनवालीचा, जसाच्या तसा उभा होता.

हो, ती चुकली. मी नाही.

पहारेकऱ्यांनी खैरुद्दीनला खांद्यावर घेतलं. खैरुद्दीन माझ्याकडे बघत काहीतरी सांगायला लागला होता, पण सालेमबाबांनी त्याचा खांदा दाबला आणि म्हणाले, "खलास. मैंने बंदूक नहीं, आदमी देखा. दुकान तेरी." बिचाऱ्याला आनंदाने शब्दच फुटले नसतील. अन्वरसुद्धा येऊन त्याच्या गळ्यात पडला; म्हणाला, "खोबरेल कुठून आणलंस? माझ्या घरचं संपलंय."

दुसऱ्याच दिवशी खैरुद्दीनने विकलेल्या सगळ्या रायफली परत बोलावल्या आणि प्रत्येकीची पिन, म्हणजे काडतुसावर ठोका देणारी ती बारीक खीळ, काढून चांगल्या पोलादाची घडवून बसवली. माझीही बदलली. का, ते मला कधी कळलं नाही. महिन्यातून एकदाची अट आता दर शुक्रवारची झाली. त्या दिवसापासून एकाही पहारेकऱ्याची बंदूक मुकी राहिलेली नाही, हे मात्र अन्वरही कबूल करतो. मला खैरुद्दीनने कधी कोणाला विकलं नाही. मान म्हणून, आणखी काय.

तेव्हा मित्रांनो, स्वस्त आणि महाग यांतला फरक मी तुम्हाला सांगते. महागडी बंदूक चार दिवसांचं दुर्लक्ष सोसते, स्वस्त बंदुकीला रोज माणूस लागतो. माणूस मिळाला तर ती महागडीच्या बरोबरीने उभी राहते. तुमच्या घरातही अशा साध्या वस्तू असतील. त्यांना पुसा, त्यांची चौकशी करा, त्यांना कोपऱ्यात टाकू नका. कोण जाणे, एखाद्या ईदला त्याही माझ्यासारख्या कडाडतील आणि...

"अगं, कडाडलीस कधी?"

ही लंडनवाली. दोन वर्षांत पहिल्यांदा बोलते आहे. तुम्ही लक्ष देऊ नका, मित्रांनो.

"तू टिचकी वाजवलीस. पिन मोडली होती तुझी. लोकांना एकच आवाज ऐकू आला, कारण बार एकच झाला."

असेल. पण मग आमचा शिंपला आपोआप फुटला काय? आणि तिचा उभा राहिला, त्याचं काय? चुकली ती चुकलीच.

"मी जन्मात चुकलेले नाही," लंडनवाली म्हणाली. "बाबांनी मला जिकडे धरलं होतं, तिकडेच मी मारलं."