गुंजनचा आराम

आमगावच्या दवाखान्यात आमचा नंबर सतरावा होता. पहाटेचा स्वयंपाक, गुरांचं शेण, मग दोन मैल चालून ऑटो, आणि आता हे बाकडं. बसल्या बसल्या माझे डोळे मिटत होते. शेजारी माझी गुंजन उजव्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. तेरा वर्षांची पोर, पण आठ दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती.

गुंजन शाळेत कबड्डी खेळते. यंदा जूनमध्ये ती एकाएकी चार बोटं उंच झाली आणि गुडघ्याच्या वाटीखाली सुपारीएवढी गाठ आली. हात लावला की ओरडायची. जुलैत याच डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं होतं, "वाढीचं दुखणं आहे. हाड भराभर वाढतंय, मांडीचा स्नायू त्याला ओढतोय. गुडघ्याला आराम द्या." त्या आणखीही काही सांगत होत्या, पण ऑटो निघायला आला होता आणि धानाच्या लावणीचा, रोवण्याचा हंगाम तोंडावर होता. मी कागद घेतला आणि निघाले.

आराम आम्ही दिला, आणि असा कडक दिला की विचारू नका. तिच्या बाबांनी तिचे बूट माळ्यावर टाकले. खेळाच्या सरांना निरोप धाडला. मैदानाकडे फिरकायचं नाही म्हणून तंबी दिली. पोरगी रडली तेव्हा मी दोन धपाटेही घातले. मागच्या सोमवारी तालुक्याच्या संघाची निवड होती, त्या दिवशी तर तिला शाळेतच जाऊ दिलं नाही. पोरीच्या भल्याचंच करते आहे, असं मला वाटत होतं.

आमचा नंबर आला. मॅडमनी गाठ दाबली, गुंजनने ओठ चावला.

"हे तर वाढलंय. आराम दिला नाही का?"

मला रागच आला. "दिला ना मॅडम! दीड महिना झाला, खेळाले पाय नाई ठेवू दिला. पायजे तं तिलेच विचारा."

"मग दिवसभर करते काय ही?"

"काई नाई, घरीच राहते." मी मोठ्या तोऱ्यात सांगू लागले. "सकाळी सारवण, भांडी. शाळेतून आली का माझ्यासंगं बांधीत, धानाच्या वावरात. धानाच्या रोपांचे पऱ्हे खणते, पेंढ्या बांधून देते. लय हुशार आहे कामाले."

"पऱ्हे खणताना बसते कशी?"

आता डॉक्टरला हेही दाखवायचं! मी खुर्चीवरून उठले आणि जमिनीवर बसून दाखवलं. एक पाय उकिडवा, दुसरा गुडघा टेकवलेला, सगळा भार त्यावर. तशी बसले आणि मला कळलं. मॅडम अजून काही बोलल्या नव्हत्या तरी कळलं.

"हेच बंद करायचं होतं," त्या म्हणाल्या. "उकिडवं बसणं, गुडघे टेकणं. खेळ कमी करायचा होता, पूर्ण नाही. दुखलं की थांबायचं, बर्फ लावायचा, मांडीचे व्यायाम करायचे. सगळं लिहून दिलं होतं."

तो कागद मी रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवला होता. वाचला मात्र नव्हता. आमच्याकडे पोर दमते ती खेळून. कामाने कोणी दमतं असं आम्ही मानतच नाही, मानलं तर जगायचं कसं?

"मंग मी निवडीले गेली असती तं चाललं असतं?" गुंजनने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"गुडघा शांत असता तर चाललं असतं. पुढच्या वर्षी जा. हाडं भरली की हे आपोआप जातं."

"पुढच्या साली मी चौदाच्या आतल्या गटात नाई बसत," ती म्हणाली. "सतराच्या गटात मोठ्या पोरी राहतात." चिडून नाही, नुसतं सांगितलं तिने. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं मला.

दुसऱ्या दिवशी शेवटची बांधी रोवायची होती. सकाळीच गुंजनचे बाबा म्हणाले, "पोरीले लाव ना पऱ्हे खणाले."

"तिले आराम आहे."

"आरामच तं करून राहिली दीड महिना!"

"आता पोरगी खरा करन," मी म्हणाले आणि बांधीत जाऊन स्वतः चिखलात बसले.

गुंजन धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, पोतं अंथरून पालथी पडली. कागदात लिहिल्याप्रमाणे टाच मागे ओढून तीसपर्यंत मोजू लागली. शेजारच्या बांधीतून पुष्पाबाईने टोमणा मारलाच, "काऊन वं, एवढी मोठी पोर लोळून राहिली अन् माय चिखलात?" मी मान वर केली नाही. कंबर मोडली होती, बोलायचंही जिवावर आलं होतं.

थोड्या वेळाने चिखलात पाय वाजले. गुंजन माझ्या बाजूला येऊन गुडघा टेकून बसली आणि पऱ्हे उपटू लागली.

"ऊठ. मॅडमनं काय सांगितलं?"

"राहू दे ना आई," ती म्हणाली. "आता कायले वाचवू गुडघा?"

मी तिच्या हातातली पेंढी काढून घेतली. तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं, धुऱ्यापर्यंत नेलं, पोत्यावर बसवलं. मग घरी गेले आणि शिडी लावून माळ्यावर चढले. बूट काढून पुसले, धुऱ्यावर आणून तिच्या पायाला लावून पाहिले, तेव्हा लक्षात आलं. दीड महिन्यात तिचा पाय त्यांच्याहून मोठा झाला होता.