टेबलाखालचा पाय

परीक्षक व्हायला आलेल्या माणसाला मावशी पहिल्याच दिवशी एका शब्दाला बंदी करत. तो शब्द म्हणजे ‘वाटलं’.

“उडी पुरी झाली असं वाटलं, हे मला सांगू नका,” त्या म्हणत. “वाटून घ्यायला घरची माणसं आहेत. या टेबलाशी बसलात की काय दिसलं तेवढंच बोला.”

मावशी स्केटिंगच्या फ्रीस्टाइल परीक्षांना तीस वर्षं गुण देत आल्या होत्या. रिंकवर त्यांना समोरून सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागून भिंग. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती, आणि दुसऱ्या नावाचं त्यांना मनातून बरंच वाटत असावं, कारण ते कानावर पडलं की त्या चष्मा पुसायला घेत.

यंदा शिकाऊ परीक्षक दोघंच होते. एक होता कंपाउंडर. दवाखान्यात औषधं मोजून द्यायची हे त्याचं काम, आणि जन्मात कधी चाकांवर उभा राहिलेला नाही. मुलगी स्केटिंग शिकते, तिला शनिवारी रिंकवर सोडायचं आणि दोन तास बाकावर जांभया द्यायच्या, त्यापेक्षा हे बरं, म्हणून तो आला होता. दुसरी भिरी. तिचं मूळचं टोपणनाव भिरभिरी. चौदाव्या वर्षी ती गिरक्या घ्यायला लागली की बघणाऱ्याला गरगरायचं, त्यावरून पडलेलं. पुढे गुडघ्याने दगा दिला, मग लग्न, मग ठमी. ठमी आता अकरा महिन्यांची होती आणि भिरभिरीची झिजून भिरी झाली होती.

परीक्षेची रीत साधी होती. मूल एकटं रिंकवर येतं, ठरलेल्या उड्या आणि गिरक्या करून दाखवतं. टेबलाशी तीन परीक्षक बसतात, एकमेकांशी चकार शब्द न बोलता आपापल्या पत्रकावर गुण देतात. तिघांतल्या दोघांचं मत ते खरं: ‘पास’ किंवा ‘पुन्हा द्या’. शिकाऊ परीक्षक टेबलाच्या टोकाला बसून आपलंही पत्रक भरतात. ते मोजणीत धरत नाहीत, मागाहून तिघांच्या पत्रकांना लावून बघतात. अशा तीन बैठका. पहिल्या दोन सरावाच्या, तिसरी खरी. तिसऱ्या बैठकीत पाचपैकी चार मुलांचा निकाल जुळला तर सही मिळते.

कंपाउंडरचे पहिल्या बैठकीत पाचही जुळले. भिरीचे दोन.

“ताई, तुमचा हात फार सढळ,” कंपाउंडर म्हणाला. “आमच्या दवाखान्यात असता तर पेशंट औषधानेच गेला असता.”

तिला ते लागलं. अकरा वर्षं ती या रिंकवर घासली होती. कुठली उडी कशी सुरू होते आणि कुठे फसते, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि पुड्या बांधणाऱ्या माणसाला तिच्यापेक्षा नीट दिसत होतं.

दुसऱ्या बैठकीत एक मुलगी लुट्झ करत होती. ही उडी मोठी अवघड. मागे मागे सरकत यायचं, डाव्या पायाच्या बाहेरच्या चाकांवर, म्हणजे बाहेरच्या कडेवर तोल धरायचा आणि तो तसाच ठेवून उलट्या अंगाने उडायचं. शेवटच्या क्षणी पाय हळूच आतल्या कडेवर कलतो, निम्म्या मुलांचा कलतोच, आणि मग ती लुट्झ राहत नाही. मुलगी कोपऱ्यात उडायला आली नि नेमकी तेव्हाच मावशींची पेन्सिल खाली पडली. त्या वाकल्या. वर यायला त्यांनी जरा वेळच लावला.

मुलं गेल्यावर त्यांनी भिरीला थांबवून घेतलं.

“त्या मुलीची कड कुठली होती?”

“बाहेरची.”

“तिची आतली होती, माझ्या शेजारच्या दोघांनीही तेच टिपलंय. बाहेरच्या कडेवर कोण होतं, सांगू? तू. मी टेबलाखालून बघितलं. मुलगी वळली की तुझा डावा पाय वळतो. ती उडायला आली की तुझी टाच उचलते. ती चुकते तिथे तू तिच्या वतीने बरोबर करतेस आणि गुण तिला देतेस.”

भिरी आपल्या पायाकडे बघत राहिली. घरच्या चपलेतला बिचारा पाय, काही न केल्यासारखा गप्प होता.

“म्हणजे मला परीक्षक होताच येणार नाही?”

“कंपाउंडरांचं बरं आहे. त्यांच्या पायाला काही ठाऊकच नाही. तुझ्या पायाला फार ठाऊक आहे. त्याला गप्प बसव, मग बघू.”

“भूल देऊ का पायाला?” दाराशी उभा कंपाउंडर म्हणाला. “भूल देणारा ओळखीत आहे माझ्या.”

मावशींनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि तो मुलीला हाका मारत निघून गेला.

मधे तीन आठवडे होते. भिरीचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. शनिवारी त्याची हमखास ड्यूटी, कारण शनिवारी ऑफिसं बंद आणि लिफ्टा मोकळ्या. इतके दिवस ठमीला सासूबाई सांभाळत होत्या. पण नणंदेला आता नववा लागत होता, आणि तिसऱ्या बैठकीनंतर आठ दिवसांनी सासूबाई तिकडे जाणार होत्या, त्या सहा महिने तरी परत येणार नव्हत्या. नापास झाल्यावर पुढच्या वर्षी सगळा वर्ग पहिल्यापासून करायचा, दर शनिवारी, ते कुणाच्या जिवावर? पास झाली तर परीक्षा वर्षातून तीन-चारच, तेवढ्यापुरतं शेजारी हात जोडता येतील. हिशोब असा सरळ होता. आणि हे झालं नाही तर रिंकचं दार ढकलून आत जायला तिच्याकडे दुसरं काही कारणच उरत नव्हतं. स्केटिंग करता येत नाही, कुणाला सोडायला जायचं नाही. नुसतं कठड्याला टेकून उभं राहायला किती दिवस जाणार?

म्हणून ती घरी पायाला वळण लावायला बसली. ठमी दुपारी उठून खेळायला लागली की भिरी फरशीवर पाय पसरायची, ठमीला आपल्या पावलांवर बसवायची आणि मोबाइलवर जुन्या परीक्षांचे व्हिडिओ लावायची. पाय जरा हलला की ठमीला वाटे झोका सुरू झाला, आणि ती खुदकन हसे. ठमी हसली की समजायचं, पाय घसरला. पहिल्या दिवशी ठमीने हसून हसून उचक्या लावून घेतल्या.

“पोरीला काय वजनमाप केलंस होय गं?” भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या.

“अहो आई, अभ्यास चाललाय.”

“आमच्या वेळी अभ्यास पुस्तकात असायचा.” मग बऱ्याच वेळाने, देठ मोडत, “होईल ना या खेपेला?”

“बघू.”

“झालेलं बरं. मी तिकडे गेले की तू घरात नुसती या खोलीतून त्या खोलीत करशील. मला माहितेय.”

तिसऱ्या आठवड्यात ठमी एकदाही हसली नाही. उलट व्हिडिओ लागला की कंटाळून रांगत निघून जायला लागली.

तिसरी बैठक सकाळची होती. रिंकच्या वरच्या खिडक्यांतून ऊन लाकडी जमिनीवर लांब चौकोन पाडून पडलं होतं. टेबलाशी मधे मावशी, एका बाजूला उंच परीक्षक, दुसऱ्या बाजूला घशाला रुमाल गुंडाळलेल्या बाई. टोकाला कंपाउंडर आणि त्याच्या पलीकडे भिरी. तिने दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर एकमेकांत अडकवून ठेवले.

पहिला मुलगा स्वच्छ गेला. दुसरीची गिरकी मधेच मोडली. तिसरीला उडीनंतर पुढचा ब्रेक जमिनीला घासल्याचं भिरीने टिपलं, गुण कापले. कापताना पेन्सिल कुठे अडली नाही, आणि याचंच तिला कौतुक वाटलं. चौथा बरा होता. पाय दांडीवर जागच्या जागी होते.

पाचवी मुलगी असेल तेरा वर्षांची. अंगाने काटकुळी, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. सगळं नीट करत आली. शेवटी लुट्झ. ती मागे मागे सरकत उन्हाच्या चौकोनातून पलीकडच्या कोपऱ्यात गेली. लांब, न घाबरता घेतलेली ती वाट. चाकांचा घरघराट बारीक होत गेला. खांदा वळला. मुलगी वर गेली आणि अलगद एका पायावर उतरली.

भिरीने पेन्सिल टेकवली. बाहेरची कड. तिला लख्ख दिसली होती, चाकं बाहेरच्या अंगाला दाबली गेली होती, बुटाची पांढरी कातडी घोट्यापाशी चुरगळली होती.

पांढरी.

तिने मान वर केली. मुलगी टेबलासमोर येऊन वाकून नमस्कार करत होती. तिचे बूट काळे होते.

भिरीने टेबलाखाली बघितलं. डावा पाय दांडीवरून केव्हाच निसटला होता आणि बाहेरच्या अंगावर कलून, टाच उचलून उभा होता.

लिहायला मिनिटभर मिळतं. तेवढ्या मिनिटात तिच्या मनात पुष्कळ येऊन गेलं. मुलगी चांगली होती. एवढी लांब वाट धरणारं पोर शेवटी पाय कलवणार नाही. नक्कीच बाहेरची असणार. गुण दिले तर निकाल बहुतेक जुळेल. शेजारी कंपाउंडरने केव्हाच आकडा टाकून पेन्सिल खाली ठेवली होती.

लुट्झच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘दिसलं नाही.’ त्या रकान्याचे गुण नाहीत म्हणजे बेरीज खाली आली. खाली आलेल्या बेरजेपुढे जे लिहावं लागतं ते तिने लिहिलं: ‘पुन्हा द्या’.

मागच्या खोलीत पत्रकं मांडली गेली. खोली म्हणजे सामानाचीच, भिंतीला सुट्या चाकांचे डबे आणि मधे एक डगमगतं टेबल. कंपाउंडरचे पाच जुळले. त्याने खिशातून रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं. भिरीचे पहिले दोन जुळले, तिसरा नाही. ब्रेक घासला होता, पण तिने कापले तितके गुण कापण्याजोगा नव्हे. चौथा जुळला. राहिला पाचवा.

“पास, पास, पास,” मावशींनी तिघांची पत्रकं वाचली. मग भिरीचं घेतलं, आणि चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. “हे काय लिहिलंयस?”

“दिसलं नाही.”

“का? खिडकीचं ऊन आलं का डोळ्यावर?”

“नाही. माझा पाय वळला होता.”

रुमालवाल्या बाई आणि उंच परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. मावशी मात्र हलल्या नाहीत.

“तरी काहीतरी दिसलं असेलच की,” उंच परीक्षक म्हणाले. “कड बाहेरचीच होती. अगदी स्वच्छ. तुम्हाला काय दिसलं?”

“बाहेरचीच दिसली.”

“मग बरोबरच होतं तुमचं.”

“हो, पण मला दिसले ते बूट पांढरे होते,” भिरी म्हणाली. “तिचे काळे आहेत. पांढरे माझे होते.”

बाहेर रिंकवर लहान मुलांचा वर्ग सुटला होता आणि चाकांचा एकच गलका चालला होता.

“पाचांत तीन,” शेवटी मावशी म्हणाल्या. “चार लागतात. सही नाही करता येणार.”

“हो.”

“मुलगी खरीखुरी पास असताना तू तिला परत पाठवत होतीस. आज तुझं पत्रक धरलं असतं तर तिच्यावर अन्याय होता.”

“हो,” भिरी म्हणाली. तिने पिशवी खांद्याला लावली.

“बस खाली. माझं झालं नाही अजून.” मावशींनी डब्यांच्या मागून नियमांची वही काढली, शेवटून दोन पानं उलटली. “मुख्य परीक्षकाने लेखी शिफारस केली तर चौथी बैठक देता येते. तीन महिन्यांच्या आत, दुसऱ्या रिंकवर. मी आजवर दोनदाच केलीय.”

“कशासाठी केलीत?” कंपाउंडरने विचारलं.

“चुकीचे गुण देणारे मला ढिगाने भेटतात. आपण कुठे बघायचे थांबलो हे ज्याला कळतं, असा माणूस दहा वर्षांतून एक येतो. पायाचं काय, पाय शिकेल.” त्यांनी भिरीकडे बघितलं. “पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार. बसने दीड तास आहे. जमेल?”

भिरी मनात मोजायला लागली. तोवर सासूबाई गेलेल्या. नवरा कुठल्या तरी इमारतीत, लिफ्टच्या खड्ड्यात. शेजारणीला एक तास म्हणता येतं, सबंध दिवस नाही. तिने दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं.

“मुलगी बरोबर येईल माझ्या,” ती म्हणाली.

“टेबलाशी?”

“टेबलाशी.”

“किती वर्षांची?”

“अकरा महिन्यांची. तोवर वर्षाची होईल.”

“रडेल.”

“रडली तर बाहेर घेऊन जाईन,” भिरी म्हणाली, “आणि तेवढ्या मुलापुरतं ‘दिसलं नाही’ लिहीन.”

उंच परीक्षक हसले. रुमालवाल्या बाईंना हसू नको होतं, खोकला आला. मावशींच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पण त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.

“एकदा चालेल,” त्या म्हणाल्या. “दोनदा लिहिलंस तर मात्र नाही.”

“मी येतो की,” कंपाउंडर म्हणाला. “ताईंच्या मुलीला धरून बसेन. पोरं मला बघितलं की चिडीचूप होतात, सुई टोचेल म्हणून.”

“तिने अजून तुम्हाला सुई घेऊन बघितलेलं नाही,” भिरी म्हणाली.

“चेहऱ्यावरच आहे हो माझ्या.”

मावशींनी शिफारशीचा कागद पुढे ओढला आणि तारीख घातली. नाव लिहिण्यापूर्वी त्या थांबल्या आणि खरं नाव काय, म्हणून विचारलं. इतक्या महिन्यांत ते कुणी विचारलंच नव्हतं. भिरीने सांगितलं. मावशींनी ते सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं, आणि कागद तिच्याकडे फिरवला, बरोबर आहे ना ते बघायला.