किलोमागे किलो

माणसाचं मोठेपण काट्यावर मोजता येत नाही, यावर रंगनाथ थेटे यांची नितांत श्रद्धा होती. त्यांचं स्वतःचं वजन ब्याण्णव किलो होतं आणि ते उतरवा म्हणून डॉक्टर मागे लागले होते, हा भाग वेगळा.

थेटे सरकारी खात्यात धरणांचे नकाशे काढत. पण मखमलाबाद नाक्यावर, नवसाबाईंच्या चहाच्या टपरीपुढल्या बाकावर, ते बॉक्सिंगचे जाणकार होते आणि तिथं सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी आयुष्यात कुणाला ठोसा मारलेला नव्हता. कॉलेजात असताना एकदा खाल्ला होता, पण तो सायकल स्टँडवर, आणि त्याला फेऱ्या, पंच वगैरे काही नव्हतं. बाकीचं ज्ञान रद्दीच्या दुकानातून आणलेल्या इंग्रजी क्रीडामासिकांतलं, आणि घरात केबल आल्यापासून टीव्हीवरच्या लढतींचं. सत्त्याण्णव साली टायसनने प्रतिस्पर्ध्याचा कान चावला, तेव्हा नाक्यावरची माणसं नानांना भेटायला आली ती घरात काही बरंवाईट झाल्यासारखी.

बाकावर त्यांचा विरोधी पक्ष म्हणजे ललित पगारे. पलीकडच्या कोपऱ्यावर त्याचं औषधांचं दुकान होतं, वय नानांपेक्षा दहाएक वर्षांनी कमी, आणि वजनावर त्याची श्रद्धा नानांच्या अश्रद्धेइतकीच पक्की. वाद वर्षानुवर्षं तोच होता. अली मोठा की टायसन, इथून सुरू व्हायचा आणि चहाचा दुसरा ग्लास येईपर्यंत एकोणीसशे तीस सालात जाऊन पोचायचा.

"रॉकी मार्सियानो," नाना म्हणायचे. "एकही लढत हरला नाही. संपला विषय."

"किती किलोचा होता?"

"पंच्याऐंशीच्या आसपास."

"म्हणजे नाना, तुम्हीच त्याला भारी पडता. आजच्या हेवीवेटपुढं तो उभा केला तर पाळण्यात घालावा लागेल."

"अरे, म्हणून तर किलोमागे किलो बघायचं! सगळ्यांना एकाच वजनाचे समजा, आणि मग ठरवा कोण मोठा. शुगर रे रॉबिन्सन—"

"तो वरच्या गटात गेला आणि कोसळला."

"उकाड्यानं कोसळला! माणसानं नाही पाडला त्याला!"

"किलोमागं किलो काय लावलंय मघापासून," नवसाबाई पातेलं घासता घासता म्हणायच्या, "कांदे हायेत का ते? उठा आता, गिऱ्हाइकाला बसायला जागा नाय."

हे असंच चाललं असतं आणि त्यानं कुणाचंही नुकसान झालं नसतं. पण दोन हजार सहाच्या पावसाळ्यात एक दिवस कोंडाजी पिंगळे टपरीवर आला, आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे त्याची मुलगी होती.

कोंडाजी मखमलाबादचा. झेंडू आणि शेवंती लावायचा, पहाटे फूलबाजारात माल उतरवायचा आणि परतताना नाक्यावर चहा घ्यायचा. बॉक्सिंगच्या वादात तो फक्त ऐकायला बसे. नानांचं बोलणं त्याला कीर्तनासारखं वाटायचं, म्हणजे समजो न समजो, कानावर पडलेलं बरं.

"नाना, ही शुभांगी," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, बॉक्सिंग खेळती. निफाडला जिल्ह्याची निवड हाय. तिथं जिंकली तर राज्याला जाईल. नाय जिंकली तर..." त्यानं मुलीकडे पाहिलं नाही. "तिच्या आईनं सांगून ठेवलंय. दिवाळीनंतर पाहुणे बघायला येतील."

शुभांगी एकोणीस वर्षांची होती. हातावर बँडेजच्या पट्ट्यांचे वळ होते. ती कुठंतरी रस्त्यापलीकडे बघत होती.

"तिला शिकवणारे सर म्हणत्यात, शेहेचाळीसच्या खालच्या गटात खेळ. पोरीचं वजन साडेपंचेचाळीस. तुमचं काय मत पडतं?"

सर म्हणतात ते बरोबर आहे, एवढंच नानांना म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण ललितने ग्लास खाली ठेवला.

"सांगा ना नाना. आता सांगा की वजनाला काही अर्थ नसतो म्हणून. की ते फक्त अमेरिकेत?"

नानांनी घसा साफ केला.

"पन्नासच्या गटात उतरव," ते म्हणाले.

नवसाबाईंचा पातेल्यावरचा हात थांबला.

"शेहेचाळीसमध्ये जिंकली तर कुणी विचारणार नाही," नाना आता ललितकडेच बघून बोलत होते. "वर चढून जिंकली, तर नाव होईल. हेन्री आर्मस्ट्राँग! एकाच वेळी तीन गटांचा विजेता. वरच्या गटासाठी वजन भरेना, तर गडी पाणी पिऊन काट्यावर उभा राहिला. मासिकात छापलंय. आणि जिंकला!"

"काका," शुभांगी पहिल्यांदाच बोलली, "पन्नासच्या पोरी माझ्यापेक्षा वीतभर उंच असतात."

"उंची मनाची असते, बाळ."

हे वाक्य नानांनी कोणत्याही मासिकात वाचलेलं नव्हतं.

कोंडाजीला मात्र ते पटलं. त्याच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांची जोड नजरेनंच लावतात. दोन गडी शेजारी उभे करायचे, पंचांनी वरून खाली बघायचं, की झालं. काटा कुणी आणत नाही. आणि आपल्यापेक्षा दांडग्या जोडीशी जो हात मिळवतो त्याच्या नावानं आधी हलगी वाजते, निकाल काही का लागेना. वजन बघून जोड निवडायची म्हणजे कोंडाजीला जरा पळपुटेपणाच वाटत होता, फक्त सरांपुढे तसं म्हणायची सोय नव्हती. आता जाणकार माणसानंच म्हटलं.

सरांनी एकदा विरोध केला, मग गप्प बसले. सर पंचविशीतले होते. नानांचे केस पिकलेले होते.

मग शुभांगीला खाऊ घालणं सुरू झालं. केळी, शेंगदाण्याचे लाडू, म्हशीचं दूध, रात्री पुन्हा केळी. नाना रोज नाक्यावर वजन विचारायचे आणि ललितला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा उच्चारायचे. वजन सत्तेचाळीसपर्यंत आलं आणि तिथं हटून बसलं. पन्नासच्या गटात बसायला अठ्ठेचाळीसच्या वर असावं लागतं.

"काही काळजी नाही," नाना म्हणाले. "उरलेलं पाणी."

निफाडला एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. नाना रजा टाकून गेले. ललितही दुकान भावाच्या हवाली करून आला. वजनाचा काटा द्राक्षांच्या पॅकिंग शेडमधून आणला होता; हंगाम नव्हता, काटा मोकळाच होता. नानांनी शुभांगीला हॉलच्या मागे नेलं आणि उभ्यानं दीड लिटर पाणी पाजलं. शेवटचे घोट तिच्या तोंडातून परत येत होते.

"आर्मस्ट्राँग," नाना तिला म्हणाले, धीर द्यावा तसं.

काटा अठ्ठेचाळीसच्या थोडा वर थांबला. नानांनी मूठ वळली आणि वळून पाहिलं. शुभांगीकडे नव्हे. ललितकडे.

सगळ्यांत आधी त्याच गटाच्या लढती होत्या. समोर देवळ्याची तेजस्विनी नावाची मुलगी आली. शुभांगीचं डोकं तिच्या हनुवटीला लागत होतं. घंटा झाली. पहिलं मिनिटभर शुभांगी चांगली खेळली, हे नाना पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. वाकून आत शिरली, दोन ठोसे लावले, बाहेर आली. पण तिचे पाय जड पडायला लागले. ती एक हात नकळत पोटाजवळ धरू लागली. देवळ्याच्या मुलीनं ते पाहिलं आणि नेमका तिथंच ठोसा घातला.

पाणी आलं. तोंडातून, नाकातून, हिरव्या मॅटवर लांबपर्यंत. पंचांनी लढत थांबवली. शुभांगी गुडघ्यांवर बसली आणि पुन्हा पाणी आलं. कुणीतरी पोतेरं घेऊन आत चढलं. मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "धरण फुटलं रे!" आणि सगळा हॉल हसला.

नानांशेजारी बसलेला गृहस्थही हसत होता. त्यानं डोळे पुसत विचारलं, "तुमच्यातली पोरगी का हो?"

"नाही," नाना म्हणाले. "मी आपला असाच आलोय."

मग त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्या बाजूला ललित आहे, आणि त्यानं ऐकलंय. आता तो काहीतरी बोलेल, म्हणून नाना वाट बघत राहिले. किलोमागे किलो म्हणेल, मार्सियानो म्हणेल; त्यानं म्हणावंच असं त्यांना फार वाटलं. ललितने खिशातून क्षारांच्या पुड्या काढल्या, त्या त्यानं दुकानातून निघतानाच घेतल्या असणार, आणि लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत रिंगकडे गेला. नानांनाही उठायचं होतं. पण उठलं तर शेजारच्या गृहस्थाला कळलं असतं.

लढती संपत आल्या तेव्हा नाना बाहेर आले. पायऱ्यांवर कोंडाजी आणि शुभांगी बसले होते. शुभांगी ललितने दिलेलं पाणी चमच्या-चमच्यानं पीत होती.

"या नाना," कोंडाजीनं सरकून जागा केली. "वाईट वाटून घेऊ नका. मोठ्या जोडीशी हरली, त्यात लाज नाय. तुम्ही कामं टाकून आलात, तेच लय झालं."

नाना बसले. कोंडाजीनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बसायला सोपं गेलं असतं.

"काका," शुभांगी म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "त्या आर्मस्ट्राँगला उलटी नाही झाली?"

"नाही."

"का बरं?"

नानांना मासिकाचं ते पान आठवलं. सगळं पान आठवलं, खालच्या परिच्छेदासकट.

"वजन झाल्यावर त्या उघड्या मैदानात पाऊस आला," ते म्हणाले. "लढत चारपाच दिवस पुढं ढकलली होती."

"म्हणजे पाणी निघून गेलं होतं."

"हो."

तिनं मान हलवली. रागानं नाही; एखादं गणित कुठं चुकलं ते सापडल्यावर हलवतात तशी.

"कोंडाजी," नाना म्हणाले. "त्या दिवशी नाक्यावर मी जे सांगितलं ना, ते... तुझ्या पोरीसाठी नव्हतं सांगितलं. ललित समोर बसला होता. त्याला..."

"जाऊ द्या हो नाना. तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं."

"नाही रे, ऐक तरी."

"ऐका, निकाल वाचतायत," कोंडाजी म्हणाला.

आत माईक खरखरला. एका माणसानं गटवार नावं वाचायला सुरुवात केली. पन्नास किलो, तेजस्विनी, देवळा. टाळ्या झाल्या. साठ किलो, एकच खेळाडू असल्यानं लढत न होता थेट राज्यासाठी निवड. पुन्हा टाळ्या. कोंडाजीनंही वाजवल्या. मग त्या माणसानं खोकून घेतलं आणि सांगितलं की शेहेचाळीस किलोखालच्या गटात यंदा जिल्ह्यातून एकही खेळाडू आलेली नाही.