पंचनाम्यातलं पहिलं नाव

भोकरदनला गणपतीत यंदा मठाचा देखावा केलाय, हे तातेरावाला एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने सांगितलं. तेही हसत.

"अकरा बाहुल्या हायेत. मोटारीवर हलतात. पहिली बाई तर अशी घुमती! बघाच तुम्ही."

तो माणूस तातेरावाच्या गावचा, धावड्याचा नव्हता, त्याला काय माहीत. आठ वर्षांपूर्वी डोंगरातल्या मठात महाराजाने भक्तांना तळघरात बसवलं, धुनी पेटवली आणि वरून दाराला कडी घातली. धुरात अकरा माणसं गुदमरून मेली. त्यांत तातेरावाची बायको होती, चतुराबाई. पुढे त्यावर कॅसेट निघाली, जत्रेत वग झाला. सगळ्यांत चतुराबाई होती आणि सगळ्यांत ती खुळी होती. लेक बेबीनंदा तेव्हा लहान होती. आता तिच्या सासरी ती कॅसेट वाजते आणि नणंदा तिच्याकडे बघून हसतात.

तो तसाच मंडपात गेला. दुपारची वेळ, पडदा सोडलेला. कडूबा मिस्त्री मोटारीचा पट्टा ताणत होता. मंडळाचा अध्यक्ष अण्णासाहेब खुर्चीवर चहा पीत होता.

एका लांब फळीवर अकरा बाहुल्या उभ्या होत्या. मोटार लावली की फळी तळघरात सरकायची आणि परत यायची. पहिली बाहुली बाईची, केस मोकळे, मानेत स्प्रिंग.

"ही माझी बायको हाय," तातेराव म्हणाला.

अण्णासाहेबाने कप खाली ठेवला. "काका, आम्ही जागृती करून राह्यलो. अंधश्रद्धा वाईट, एवढंच."

"करा की जागृती. पण हिला खुळी कशापायी केली?"

"पेपरात आल्तं ना. सगळ्यात आधी हसत हसत तीच आत गेली. पोलिसांच्या पंचनाम्यातबी पहिलं नाव तिचंच."

"ते नाव म्याच सांगितलं जमादाराला."

तातेरावाला एवढं बोलायची सवय नव्हती, तरी तो बोलत राहिला.

"तिची बहीण नंदाबाई महाराजाच्या नादी लागल्ती. तिला आणाया गेल्ती ही. जाताना म्हणली, सांजच्याला येते, म्हशीला पाणी दावा. आम्ही दार तोडलं तवा ही दाराला टेकून होती. हाताची नखं तुटलेली. पहिली बाहेर काढली, म्हणून पहिलं नाव. पहिली आत गेली म्हणून न्हाई."

कडूबाने पट्टा सोडला. "बाहुलीचं तोंड दाराकडं फिरवता येतं, अण्णासाहेब. एका खिळ्याचं काम हाय. मानेतली स्प्रिंगबी काढतो."

"फिरव बाबा," अण्णासाहेब म्हणाला. "कोणाला कळतंय."

संध्याकाळी तातेरावाने दोरीबाहेर उभं राहून देखावा पाहिला. दहा बाहुल्या आत जात होत्या. एकटी चतुराबाई दाराकडे तोंड करून यायची, दाराशी पोचायची, आणि फळी तिला मागे ओढून न्यायची. देखाव्याच्या टेपवरचा आवाज अजून "हसत हसत" म्हणतच होता. पण टेपकडे कोण लक्ष देतंय, असं तातेरावाला वाटलं. चार वेळा पाहून तो लेकीच्या गावाकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो बेबीनंदाला घेऊन आला. गर्दी दाटली होती. तिला पुढे घेऊन तो म्हणाला, "आता बघ तुझी आई."

पडदा वर गेला. चतुराबाईचं तोंड पुन्हा तळघराकडे होतं. केस मोकळे, मान गरगरत होती. लोक हसले.

"अण्णासाहेब!"

"काका, परीक्षक आल्ते. म्हणले एक बाहुली उलटी बसलीय. बक्षीस गेलं असतं. समजून घ्या जरा."

तातेराव दोरीखालून आत शिरून देखाव्यावर चढला. त्याने बाहुलीचे खांदे धरून जोर लावला. खिळा उखडला, फळी अडकली आणि मोटारीवरून पट्टा निसटला. बाजूच्या महाराजाच्या पुतळ्याचा हात वर तसाच थांबला. टेप चालूच होती.

"ओ म्हातारबा, उतरा खाली!"

"पैलवान, बाई कुठं पळवता?"

पुन्हा हशा झाला. तातेरावाने बाहुली दाराकडे वळवली आणि मान एका हाताने घट्ट धरली, तशी ती हलायची थांबली.

"बेबे, अशी होती," तो ओरडला. "दाराकडं तोंड. तिला बाहेर यायचं होतं."

बेबीनंदाने पदर तोंडाला लावला होता. "दिसलं, आबा," ती म्हणाली. गोंगाटात ते त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

"कडूबा, पट्टा चढव जल्दी!" अण्णासाहेब ओरडत होता. "आधी ती बाहुली सरळ कर!"

कडूबा पट्टा हातात घेऊन उभा होता. तातेरावाने बाहुलीचे खांदे सोडले नाहीत.