सदतिसावा फोटो

मी छत्तीस फोटोंचा काळा-पांढरा रोल. जरा हळू बोलतो, सांभाळून घ्या. जन्म अंधारात गेलेला. मोठ्यानं बोललं तर कोणी झाकण उघडून बघेल की काय, ही धास्ती अजून जात नाही.

कारखान्यात मला ज्यांनी बनवलं, त्यांनी मला कधी पाहिलं नाही. मिट्ट काळोखात हातांनी चाचपून त्यांनी मला कापलं, दोन्ही कडांना भोकं पाडली, माझं शेपूट चिकटपट्टीनं एका चिमुकल्या रिळाला लावलं आणि डबीत गुंडाळलं. उजेड लागला की संपलास, एवढंच मला शिकवलं. आणि काम कोणतं दिलं? उजेड झेलायचं. तोही पापणी लवते न लवते तेवढाच. कणभर जास्त झाला की सगळं पुसलं. असा जीव घाबरणार नाही तर काय करील?

माझा मालक नळ दुरुस्त करणारा. भिंतीत नळ बसवले की भिंत लिंपायच्या आधी तो त्यांचा एक फोटो काढून ठेवी. पुढे गळती लागली तर कुठे फोडायचं ते कळावं म्हणून. लोक म्हणत, "मोबाइलवर काढ की." तो म्हणे, "मोबाइलमधलं मला पुन्हा सापडत नाही. कागद सापडतो." असे करता करता छत्तीस ठिकाणचे नळ माझ्या अंगावर आले. सरळ, वाकडे, जोड दिलेले. मला वाटलं, आपला जन्म नळातच गेला.

त्याची बायको मात्र कॅमेऱ्यासमोर कधी आली नाही. तिचे पुढचे दात जरासे पुढे होते. एवढ्याशा गोष्टीपायी तिनं तीस वर्षं फोटो काढू दिला नव्हता. घरात कार्य असलं की ही मागच्या रांगेत, तोंडावर हात.

मग तिच्या जबड्यात गाठ निघाली. डावीकडचा जबडा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, दुपारची, ती खिडकीपाशी येऊन उभी राहिली.

"अहो, त्या डबड्यात एखादा फोटो शिल्लक आहे का?"

"का गं?"

"उद्यापासून हा चेहरा नसणार. एक काढून ठेवा."

मालकानं कॅमेरा हातात घेतला. छत्तीस तर संपले होते. पण काटकसरी माणसाला ठाऊक असतं, रोलच्या टोकाला थोडी जागा उरते. त्यानं रोल पुढे सरकवायचा खटका ओढला. मी ताणला गेलो. खटका जड लागला. दुसरा कोणी तिथंच थांबला असता. पण हा नळवाला. जड लागलं की अजून एक आटा पिळायचा, ही हाताची सवय. त्यानं पिळलं, आणि माझ्या शेपटाची पट्टी टर्रकन सुटली.

"अशी पाइपासारखी ताठ नको उभी राहूस," तो म्हणाला.

ती हसली. तोंडावर हात न घेता. त्याच क्षणी ती माझ्यावर आली. सदतिसावी.

नंतर तो मला परत डबीत गुंडाळायला म्हणून किल्ली फिरवू लागला. पण डबीशी माझं नातंच तुटलेलं. किल्ली नुसती गरगर फिरली. मी सगळाच्या सगळा कॅमेऱ्याच्या पोटात उघडा पडलो होतो. माझ्या आणि उजेडाच्या मध्ये फक्त मागचं पातळ झाकण. "उघडून बघावं का?" तो पुटपुटला आणि त्याचा अंगठा झाकणाच्या खिटीवर आला. मी कसला ओरडणार? अंगठा तिथं किती वेळ होता सांगता येत नाही. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्यानं हात काढून घेतला.

ऑपरेशन झालं. ती घरी आली. बोलताना शब्द तोंडात अडायचे, तरी रोज विचारायची, "फोटो आला?"

"दुकानात दिलाय. गर्दी आहे त्यांच्याकडे."

कसलं दुकान नि कसली गर्दी. कॅमेरा फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवला होता. आत काही उरलंच नसेल तर तिला काय सांगायचं, या भीतीनं तो पेटीला हात लावत नसे. पेटी जराशी हलली तरी मी आत गोठून जाई. महिना असाच गेला.

शेवटी ती म्हणाली, "तीस वर्षं तुमच्याबरोबर काढलीत. खोटं बोलता तेव्हा कान खाजवता. चला, मीच येते दुकानात."

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा घराबाहेर पडली. अर्धा चेहरा रुमालाखाली.

बाजाराच्या रस्त्यावरचं दुकान. आता तिथं ओळखपत्राचे फोटो काढायचे नि कपांवर फोटो छापायचे, हाच धंदा. माझ्यासारखा रोल महिन्यातून एखादा. गल्ल्यावर फोटोवाल्याची लेक होती. तिनं कॅमेरा घेतला, किल्ली फिरवली.

"काका, ही तर मोकळी फिरतेय. आत रोलच नाही. उघडून दाखवते."

खिटी वर उचलली गेली. मला वाटलं, झालं. नळ गेले, खिडकी गेली, ती गेली.

"थांब." आतून म्हातारा फोटोवाला आला आणि त्यानं झाकणावर तळवा दाबला. "किल्ली मोकळी फिरली की रोल नसतो, हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, बाबा."

"मग अर्धंच सांगितलं. शेपूट तुटलं तरी मोकळीच फिरते." तो मालकाकडे वळला. "शेवटी जोर लावलात का?"

"एक आटा जास्त पिळला," मालक खाली बघून म्हणाला.

"आहे काय यात?"

"नळ."

"आणि शेवटची मी," बायको मागून म्हणाली.

फोटोवाला तिच्याकडे बघत राहिला. "शेवटचाच अवघड असतो, ताई. वाळत घालायचा चिमटा आम्ही तिथंच लावतो. बघतो. दोन तासांनी या."

"इथंच बसतो."

आतल्या खोलीत त्यानं दिवा मालवला, दाराची फट कापडानं बुजवली आणि झाकण उघडलं. काळोख होता, तरी मी थरथरत होतो. त्यानं मला कडांनीच धरलं. "ये बाबा, ये. घाई नाही," असं म्हणत एका चक्रीत गुंडाळलं आणि टाकीत ठेवलं. मग औषधाचं पाणी आलं. कडू, झोंबणारं. अंगातून एकेक नळ वर येऊ लागला. छत्तीस मोजले. सदतिसाव्या जागी काही येतंय की नाही, ते कळेना. त्यानंतर दुसरं औषध. मग धुणं.

आणि त्यानं दिवा लावला.

मी म्हटलं, संपलो. डोळे मिटून वाट बघत राहिलो. पण काही पुसलं गेलं नाही. ते दुसरं औषध पोटात गेलं की उजेड आम्हाला खात नाही, हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानं मला उलटा धरला, चिमटा डोक्याकडून लावला, आणि शेपूट दिव्यासमोर नेलं. टोक फाटून खांद्याचा एक कोपरा गेला होता. चेहरा सगळा होता. उलट्या रंगात, केस पांढरे, दात काळे.

"बाई हसतायत," तो स्वतःशीच म्हणाला.

पंख्यासमोर मला वाळवलं, फोटो छापले. तिनं बाकीचे नळ बाजूला सारले आणि तेवढा एकच हातात घेतला. डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळू लागली. मी गल्ल्यावर पडलो होतो, भर उजेडात, आणि तरी घाबरलेलाच. हिला तो चेहरा बघवला नाही तर? माझ्यामुळे ती आणखी खचली तर?

"हात जरा हललाय माझा," मालक चाचरत म्हणाला.

"एवढी काही वाईट नव्हते मी दिसायला."

"मी सांगतच होतो."

"तुम्ही नळाकडे बघून सांगत होता." मग तिनं फोटोवाल्याच्या लेकीला विचारलं, "नवा रोल आहे का?"

"आहे, मावशी. छत्तीसचा."

"द्या. एखादा नळाला देऊ यांना. बाकीचे माझे." आणि तिनं रुमालाची गाठ सोडली.

आता माझे सहा-सहाचे तुकडे केलेत. सदतिसावा एकटाच, वेगळा कापलेला. पातळ पिशवीत घालून तिनं आम्हाला कपाटात ठेवलंय. मला काही कमी नाही. पण त्या दिवशी दुकानात तो नवा रोल कॅमेऱ्यात बसवताना मी पाहिलं, बिचारा कसा थरथरत होता. माझं बोलणं काही त्याच्यापर्यंत पोचलं नाही. तुमच्या हातात असा कोणी आला, तर खटका जड लागला की थांबा. आणि जमलंच तर त्याला सांगा, शेवटी दिवा लागतो, पण तेव्हा काही होत नाही.