शंभरपैकी

बापाच्या डाव्या हाताची बोटं जर्विनने एकेक करून माइकभोवती आवळली, माइक त्यांच्या ओठांपाशी आणून ठेवला आणि मगच बटण दाबलं. टीव्हीवर नदी आली, नदीवर चंद्र आला आणि खाली पिवळ्या अक्षरांत गाणाऱ्याचं, म्हणजे जर्विनच्या तातायचं, नाव आलं: सेल्सो.

"सावकाश हं, ताताय," स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नानाय, जर्विनची आई, म्हणाली. तिच्या हातात लसूण होता, सोलायचा राहून गेलेला.

नाव दाखवायची ही सोय जर्विनने केलेली. नावच कशाला, अख्खं यंत्रच त्याचं. मारिकिना शहरातल्या त्यांच्या गल्लीत घरोघरी कराओके होतं, पण ती सगळी यंत्रं एकजात थापाडी. गाणं संपलं की मनाला येईल तो आकडा पडद्यावर फेकायची. माइकपुढे कुत्रं भुंकलं तरी नव्वद. जर्विनने एकदा असलंच एक यंत्र उघडून आत पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात खूळ शिरलं, की आपण खरं बोलणारं यंत्र करायचं. ऑफिसात आठवडाभर लोकांच्या पगाराच्या प्रोग्रॅममधल्या चुका निस्तरायच्या आणि सुट्टीच्या दिवशी हे घेऊन बसायचं. सूर कुठे लागला, ताल कुठे सुटला, सगळं ऐकून शंभरपैकी गुण देणारं यंत्र. ते तयार झालं तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ताताय मात्र जाम खूश. त्यांना त्र्याण्णव पडले होते.

"बघा लेको," ते जो भेटेल त्याला सांगत सुटले होते, "माझं पोरगं कुणाची भीड ठेवत नाही. बापाचीसुद्धा!"

हे सगळं झटक्याआधीचं. बुटांच्या कारखान्यात तळवे शिवता शिवता सेल्सो गायचे आणि आजूबाजूचे कारागीर आपले हातोडे त्यांच्या तालात मारायचे, तेव्हाचं. मग एके सकाळी दात घासताना ते बेसिनपाशी खाली बसले. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू उतरली आणि वाचा गेली.

आता गाणं सुरू झालं होतं आणि तातायच्या तोंडून काहीतरी येत होतं. शब्द नव्हते. घोगरा, घसरता, मध्येच तुटणारा आवाज. जुनी ओळखीची ओळ आली की त्यांचे डोळे मोठे व्हायचे, आवाज तिच्यामागे धावायचा आणि ओळ पुढे निघून जायची. नानाय पदराने डोळे पुसावेत तशी टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसत होती. पण ते गात होते, हे काय थोडं झालं? जर्विनला वाटलं, उठून मिठी मारावी.

गाणं संपलं. यंत्राने आपलं काम चोख केलं. एकेचाळीस.

तातायने आकड्याकडे पाहिलं. मग माइक मांडीवर ठेवला, बोटं सोडवून घेतली आणि खिडकीकडे तोंड केलं.

जर्विनला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आकडा बंद करून ठेवायचं साधं सुचू नये? बारा वर्षं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला?

त्यानंतर ताताय गायले नाहीत. तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी तोंडाचे व्यायामही सोडले. जीभ बाहेर काढा म्हटलं की ओठ घट्ट मिटायचे. बोलायला शिकवणाऱ्या ओडेटबाई मंगळवारी आल्या आणि हात हलवत परत गेल्या. जाताना फाटकापाशी त्यांनी जर्विनला थांबवलं.

"हे बघा, मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांचे कान शाबूत आहेत. समजतंय सगळं. शब्द तोंडापर्यंत येता येता वाट चुकतो, एवढंच. गाण्याच्या मागून बोलणं येतं कधी कधी. पण जे काही परत यायचं ते या पहिल्या काही महिन्यांत. आत्ता त्यांनी अंग काढून घेतलं ना, तर मग मी येऊनही काही उपयोग नाही."

"मी काय करू, बाई?"

"थांबायला शिका. तुम्ही फार घाई करता. ते शब्द शोधत असतात आणि तुम्ही पटकन त्यांच्या हातात कोंबता. कोंबू नका. 'सावकाश' म्हणा आणि गप्प बसा. कितीही वेळ लागू दे."

खरंच होतं ते. ताताय "पा... पा..." करायला लागले की जर्विन पाण्याचा पेला घेऊन धावायचा. ताताय पेल्याकडे बघायचे, जर्विनकडे बघायचे आणि निमूट पाणी प्यायचे. त्यांना पांदेसाल हवा होता, गरम पाव, हे एकदा बेकरीवाल्याची सायकल दारावरून गेली तेव्हा नानायला कळलं. पण बाप शब्दासाठी तडफडतोय आणि आपण मांडी घालून बसायचं, हे जर्विनकडून होत नसे. त्याचा जीव कासावीस व्हायचा. ऑफिसात चूक दिसली की ती ज्या ओळीत आहे ती ओळ उघडता यायची. इथे काय उघडणार? बापाचं डोकं?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले आणि जर्विन लॅपटॉप उघडून बसला. भाताचा डबा तसाच. शेजारच्या टेबलावरची शेरिल परत आली ती थेट त्याच्या खांद्यावरून डोकावली.

"जेवायचं सोडून हे काय? पगाराचं?"

"नाही गं. बापाचं."

तिने वाचलं. वाचायला होतंच काय, एक ओळ. गाणाऱ्याचं नाव सेल्सो असेल तर नव्वदच्या वरचा कुठलाही आकडा दाखवायचा.

"अगंबाई! म्हणजे तुझं हरिश्चंद्राचं यंत्र शेवटी थापाड्यांच्याच पंगतीला बसलं म्हण की."

"बसू दे."

शेरिल हसायला लागली होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली. आपल्या डब्यातल्या अदोबोतला मांसाचा एक तुकडा तिने न विचारता त्याच्या भातावर ठेवला आणि आपल्या कामाला लागली.

त्या शनिवारी नानायने किती विनवण्या केल्या तेव्हा कुठे तातायने माइक धरला. तोच घोगरा आवाज, तीच ओळीमागची धावाधाव. आणि पडद्यावर चौऱ्याण्णव! तुताऱ्या वाजल्या, रंगीत फुगे उडाले. नानायने टाळ्या पिटल्या. "अहो, बघितलंत का? बघितलंत का हो?" तातायच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी हसली नाही, पण डावी अगदी पूर्वीसारखी हसली.

मग ते रोज गाऊ लागले. व्यायाम सुरू झाले. ओडेटबाईंनी जीभ म्हटलं की जीभ, गाल म्हटलं की गाल. आणि शब्द आले. "मीठ" आला. "बस" आला. एका दुपारी आतून "पेर्ला" अशी हाक आली आणि नानाय, जिला त्या नावाने हाक मारणारं आता या घरात दुसरं कुणी नव्हतं, ओल्या हातांनी धावत गेली. वाक्य मात्र येत नव्हतं. एकेक शब्द, सुटा सुटा.

जर्विनच्या मनाची स्थिती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. यंत्र आतल्या आत खरे गुणही मोजत होतं. ते त्याने काढून टाकले नव्हते. टीव्हीवर फुगे उडत असताना तो लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत चोरून बघायचा. अडतीस. चव्वेचाळीस. चाळीस. गाणं परत येत नव्हतं. ज्या आवाजावर कारखाना ताल धरायचा तो आवाज गेला तो गेलाच, आणि हे त्या घरात फक्त त्याला माहीत होतं, असं तो समजत होता. पुढे पुढे त्याने ती खिडकी उघडणंच सोडून दिलं.

तातायचा वाढदिवस रविवारी आला. अंगणात टेबलं मांडली, नानायने परातभर पान्सित केलं, वाढदिवसाला शेवया हव्यातच, आयुष्य लांबतं. टीव्ही दारात आणून ठेवला होता आणि टीव्हीकडे तोंड करून, अंगणाकडे पाठ करून तातायची खुर्ची. मागे पाहुणे, ताटं, बर्फ, बिअर, गोंगाट. नाक्यावरचा न्हावी तितो देल्फिन, म्हणजे देल्फिनकाका, तातायचा लहानपणापासूनचा दोस्त आणि दर जत्रेतल्या गाण्याच्या स्पर्धेतला त्यांचा प्रतिस्पर्धी, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

ताताय आधी गायले. शहाण्णव. टाळ्या. मग देल्फिन गायला, आणि काय गायला! साठी उलटलेला माणूस, ताल मध्येमध्ये सुटत होता, पण वरचा सूर असा लागला की जेवणारे थांबले. आकडा आला: एकाहत्तर.

"अरे हट्!" देल्फिनने माइक टेबलावर आपटला. "मला एकाहत्तर? आणि या सेल्सोला शहाण्णव? पोरगं कुणाचं आहे ते कळतंय बरं का यंत्राला!"

अंगण खो खो हसलं. टीव्हीशेजारी उभा असलेला जर्विनही हसला. हसता हसता त्याचं लक्ष बापाकडे गेलं.

ताताय हसत नव्हते. ते मान वळवून देल्फिनकडे बघत होते. मग टीव्हीकडे, तिथे अजून एकाहत्तर होतं. मग जर्विनकडे. शांतपणे, कारखान्यात बुटाची शिवण तपासायचे तसे. त्यांनी डावा हात पुढे केला.

"मा... इक."

"अहो, पुन्हा? आधी दोन घास खा ना," नानाय म्हणाली, पण माइक दिला.

त्यांनी स्वतःच बोटाने नाव निवडलं. सेल्सो. गाणं तेच, नदीचं आणि चंद्राचं. माइक ओठांपाशी आला. सूर सुरू झाले, पहिली ओळ पडद्यावर रंगत गेली.

ताताय गायले नाहीत.

पहिल्यांदा जर्विनला वाटलं, शब्द अडला असेल. तो आपसूक पुढे झाला, ओळ सुचवायला. आणि मग त्याला दिसलं की बापाचे ओठ मिटलेले आहेत. व्यायामाच्या वेळी मिटायचे तसे, घट्ट. दुसरी ओळ गेली. तिसरी गेली. अंगणातल्या लोकांना तातायची पाठ दिसत होती आणि ओठांशी धरलेला माइक. धृपद आलं तसं देल्फिनने बसल्या जागी ते उचललं, बाकीच्यांनी भरल्या तोंडाने साथ दिली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

जर्विनचं लक्ष टीव्हीच्या तारेकडे गेलं. तार खेचावी? वीज गेली असं म्हणावं? तो तारेपर्यंत गेलाही. तातायने मान न वळवता, नुसते डोळे फिरवून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याचा हात जागच्या जागी थिजला. गाणं संपायला हवं होतं आणि संपायला नको होतं. त्याच्या हातात दोन्ही नव्हतं.

गाणं संपलं. तुताऱ्या वाजल्या, फुगे उडाले.

सत्त्याण्णव.

"वाहवा!" अंगणातून टाळ्यांचा कडकडाट झाला. "जियो सेल्सो! शंभर वर्षं गा!" देल्फिनने तर बाटली उंचावली. "हरलो बाबा, हरलो!"

तातायने माइक मांडीवर ठेवला नाही. खुर्चीतच एका बाजूला वळून ते जर्विनच्या समोर आले. त्यांच्या गळ्याची शीर हलली. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"क... कसा..."

जर्विनने शब्द कोंबला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. कोंबायला त्याच्यापाशी शब्दच नव्हता.

"कसा... गायलो... मी?"

माइक सुरूच होता. तीनही शब्द अंगणभर ऐकू गेले.

नानायच्या हातातला डाव परातीत पडला. "ऐकलंत? अहो ऐकलंत का सगळ्यांनी? वाक्य! अख्खं वाक्य बोलले!" ती रडत होती, हसत होती, देल्फिनच्या इस्त्रीच्या शर्टाला पान्सितचे हात लावत होती. देल्फिनही रडत होता. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात. कुणीतरी ओडेटबाईंना फोन लावा म्हणून ओरडलं.

"अरे जर्विन, असा खांबासारखा काय उभा?" नानाय म्हणाली. "तुला विचारतायत ना ते. सांग की. कसं गायले?"

सगळं अंगण त्याच्याकडे बघायला लागलं. ताताय वर बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

जर्विनने तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं की खोटं, कोण जाणे. घशातून नुसता एक आवाज आला, अर्धवट, घोगरा. त्याने तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

तातायने माइक खाली घेतला. चांगला हात लांब करून त्यांनी जर्विनचं मनगट धरलं आणि त्याला शेजारच्या स्टुलावर बसवलं.

"सा... वकाश," ते म्हणाले, आणि गप्प बसून वाट बघू लागले.