ज्वारीच्या पेवातला शब्दकोश

मी एक जुना शब्दकोश आहे. फ्रेंच शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ माझ्या पोटात आहेत. सोलापुरात रेवणप्पा आडत्याच्या घरी, देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, मी पडून आहे. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायची सवय असेल तर आत्ताच उठा.

माझा जन्म पॅरिसच्या एका छापखान्यात झाला. पुठ्ठ्यावर निळा, पांढरा आणि तांबडा असे तीन उभे पट्टे चढवले. तो त्या देशाचा झेंडा. बांधणाऱ्यानं पट्टे इतके सरळ बसवले की मालकानं त्याची पाठ थोपटली. मलाही तेव्हा त्या पट्ट्यांचा फार अभिमान वाटला. तेच पट्टे पुढं माझ्या मुळावर आले.

बोटीनं मुंबई, तिथून पुणे. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मला दाक्षायणीनं उचललं. ती रेवणप्पाची एकुलती लेक. आई लहानपणीच गेलेली, विधवा आत्या बसम्मानं वाढवलेली. सोलापुरात कॉलेज नव्हतं म्हणून पुण्याच्या वसतिगृहात राहून ती बी. ए. करत होती.

फ्रेंचच का? तिला संस्कृत घ्यायचं होतं. पण शाळेत संस्कृत झालेलं नव्हतं. वर्गातली निम्मी पोरं घरीच पाठ करून आलेली, आणि शिकवणारे म्हणाले, "तुम्हाला जमायचं नाही, बाई." म्हणून ती फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसली. तिथं सगळेच सारखे अडाणी होते. हे वाक्य मी तिच्याच तोंडून ऐकलं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

ती माझ्यावर पेन्सिलनं लिहायची. उच्चार देवनागरीत, अर्थ मराठीत, आणि जोडीला घरच्या कानडीत. 'एत्वाल, चांदणी, चुक्की.' 'फनेत्र, खिडकी, किटकी.' तीन वर्षांत माझा एकही समास कोरा राहिला नाही. पॅरिसमध्ये छापलं ते अर्धं पुस्तक; उरलेलं अर्धं त्या मुलीनं लिहिलं.

तरी ती बी. ए.ला एकट्या फ्रेंचमध्ये नापास झाली. घरी आली. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेनं तिला सांगून ठेवलं होतं, बी. ए. व्हा आणि शिकवायला या. रेवणप्पानं तिला समोर बसवलं.

"आजून एकदा बस परीक्षेला. ऑक्टोबरात. पास झालीस तर मास्तरीण हो, मी आडवा येणार न्हाय. न्हाय झालीस तर अक्कलकोटचं स्थळ आलंय, गप उभं ऱ्हायचं."

"व्हय, अप्पा."

"आणि काय ग, ती भाषा शिकून फ्रान्सच्या राजाला ज्वारी विकायची हाय का आपल्याला?"

"तितं राजा न्हाय, अप्पा. लोकांनीच काढला."

"हळू बोल की जरा. दार उघडं हाय."

हे एकोणीसशे तीस साल. मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. रस्त्यावर गोरे शिपाई. गांधी टोपी घातली तरी धरत, झेंडा सापडला तर तुरुंग. लोकांनी टोप्या चुलीत घातल्या. माणसं घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला मी हसणार नाही. पण पुढचं सांगितल्याशिवायही राहणार नाही.

एका दुपारी दाक्षायणी न्हायला गेली होती. मी तिच्या गादीवर आडवा पडलेलो. बसम्मा केर काढत आली आणि थबकली. आडवा पडलेलो म्हणून माझे पट्टेही आडवे. निळा आणि हिरवा तिच्या थकल्या डोळ्यांना एकच दिसे. तिला वाचता येत नव्हतं. तिला दिसला तो काँग्रेसचा झेंडा; तेव्हा त्यात पांढरा, हिरवा आणि तांबडा असे आडवे पट्टे असत.

तिनं मला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि अंगणात नेलं. तिथं पेव भरायचं काम चाललं होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. वर्षाची ज्वारी त्यात राहते. हमाल पाणी प्यायला गेले होते. बसम्मानं मला ज्वारीत कोपरभर खाली खुपसलं. संध्याकाळी तोंडावर फरशी बसली, वरून शेणमाती लिंपली.

आत हवा नाही, उजेड नाही. चहूकडून दाण्यांचा दाब. पुढचं सगळं मला नंतर कळलं, बसम्मा देवळीपुढं बसून स्वतःशी बोलते त्यातून.

दाक्षायणीनं घर पालथं घातलं. गाद्या उसवल्या. कोठीतलं एकेक पोतं हलवलं. बसम्मा बघत राहिली. "पडलं आसंल कुटं तरी," एवढंच म्हणाली. तिचा हिशेब सरळ होता: पोरीला जे माहीत नाही, ते कुणी मारलं तरी तिच्या तोंडून निघणार नाही.

झडती आलीच नाही. जूनअखेर मार्शल लॉ उठला. मग तरी सांगावं की नाही? पण पाऊस लागला होता, आणि पावसाळ्यात पेव उघडत नाहीत. ओल शिरली तर सगळी ज्वारी सडते. भावाची वर्षाची ज्वारी एका पुस्तकापायी सडवायची? तिनं मनाशी म्हटलं, पुस्तक काय पळून जातंय, दिवाळीला काढू. पोरीची परीक्षा दिवाळीच्या आधी आहे आणि ती या पुस्तकावाचून अडते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोर घरातच राहावी असंही तिला आतून वाटत होतं का? मला ठाऊक नाही. तिला तरी असेल का, कोण जाणे.

पुण्याच्या मैत्रिणीनं सप्टेंबरात दुसरा कोश पाठवला. कोरा. दाक्षायणी परीक्षेला बसली आणि पुन्हा फ्रेंचमध्येच राहिली. मी जवळ असतो तर पास झाली असती, असं मी छातीठोक सांगत नाही. पण तिला तिच्या स्वतःच्या तीन वर्षांशिवाय लढायला पाठवलं, हे खरं आहे.

दिवाळी आली तेव्हा घरात लग्नाची बोलणी सुरू होती. बसम्माची जीभ उचलेना. कुणालाच धान्याची नड नव्हती, पेव तसंच राहिलं. माघात लग्न ठरलं. पाहुण्यांच्या भाकरीसाठी ज्वारी हवी म्हणून लग्नाआधी चार दिवस पेव उघडलं. आतली वाईट हवा जावी म्हणून दुपारपर्यंत तोंड उघडं ठेवलं. मग पहिल्या पाटीबरोबर मी वर आलो.

लग्नाच्या हिरव्या बांगड्या भरलेल्या हातांनी दाक्षायणीनं धडपा सोडला. पान उलटलं. दाणे ओघळले. ती स्वतःचंच अक्षर वाचत उभी राहिली.

बसम्मा पुढं झाली. रडत होती, आणि तोंडावर आशाही होती. "झेंड्याचं हाय वाटलं ग मला. तुमाला बेड्या पडतील वाटलं. बघ की, एक पान खराब झालं न्हाय."

"व्हय, आत्ती," दाक्षायणी म्हणाली. "लई जपलंस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती अंगणात बसली आणि माझ्या शिवणीत अडकलेला एकेक दाणा केसातल्या आकड्यानं काढत राहिली. सगळे दाणे निघाल्यावर मला आत्याच्या हातात दिलं. "तितं नेऊन काय करू?" म्हणाली, आणि मेंदी लावून घ्यायला आत गेली.

तेव्हापासून मी देवळीत आहे. बसम्मा रोज आंघोळ करून माझ्या पुठ्ठ्यावर विभूतीची तीन बोटं ओढते, फूल वाहते. पट्टे आता दिसतही नाहीत. मला कुणी उघडत नाही.

मित्रांनो, पुस्तकं जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगत नाही. मला फार जपलं. मी एवढंच मागतो की वाचणाऱ्याला विचारा. तीन वर्षं ती मुलगी सुट्टीत मला घेऊन त्या घरात बसत होती. अप्पांनी थट्टा केली, आत्तीनं जेवायला हाक मारली. शेजारी बसून, माझ्यावर बोट ठेवून, "हे काय आहे ग, मला सांग की," असं कुणी एकदाही म्हटलं नाही. तिनं सांगितलं असतं. तिला सांगायला फार आवडायचं.